दोन मात्रा

मध्यंतराचा पडदा पडला तशा गायिका तणतणत आत आल्या. "तबल्यानं ठेका चुकवला! भर कार्यक्रमात माझं हसं झालं."

खरं तर अंतरा त्यांनीच दोन मात्रा आधी उचलला होता. तबलजीने झटक्यात दोन मात्रा गिळून त्यांना समेवर गाठलं, म्हणून गाणं कोसळता कोसळता वाचलं. सगळ्या वादकांना हे ठाऊक होतं. जो तो आपलं वाद्य जुळवू लागला.

तबल्याचा गट्टा हातोडीने ठोकत तो म्हणाला, "चुकलो ताई. परत नाही होणार."

संयोजकांचा जीव भांड्यात पडला. "पुढच्या दौऱ्यालाही तूच," जाता जाता ते त्याच्या कानाशी पुटपुटले.

त्याने वर पाहिलं, तर दारात गुरुजी उभे. पहिल्या रांगेत बसून त्यांनी बोटांवर मात्रा मोजल्या होत्या. तीस वर्षांपूर्वी अशाच एका गायिकेला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "चूक तुमची आहे." तेव्हापासून त्यांना कुणी साथीला बोलावलं नव्हतं, शाळकरी पोरांच्या शिकवण्यांवर घर चाललं.

"खाली मान घालायला मी तुला कधी शिकवलं रे?" गुरुजींनी विचारलं.

त्याने तबल्यावर गवसणी चढवली. "तुमच्याकडे बघून शिकलो, गुरुजी."