मागे घेतलेला खटला

“काका, सरकारनं आपला खटला मागे घेतला,” वैजयंतीनं एका दमात सांगून टाकलं.

नरसय्या येमूल बंद पडलेल्या मागावर हात टेकून ऐकत राहिले. एका बड्या देशानं सोलापुरी टॉवेलांवर जबर कर लादला, तेव्हा जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेत लढायला ही सरकारी वकील त्यांच्याच कारखान्यातून पुरावे घेऊन गेली होती. चार वर्षं ती भांडली. निकाल आपल्या बाजूनं लागणार असं दिसत असतानाच दोन्ही देशांत मोठा करार झाला, आणि त्यात हा खटला सोडून दिला गेला.

“देशाचं भलं झालं ना?”

“झालं. आपल्या पोलादाला तिकडची बाजारपेठ मिळाली.”

“मग असू दे, पोरी. पण ते आम्हाला लबाड म्हणाले होते. तोट्यात माल विकून त्यांचे कारखाने बुडवतो म्हणाले. आम्ही लबाड नव्हतो, एवढं तरी लिहून मिळेल?”

मागे घेतलेल्या खटल्यात निकाल लिहिलाच जात नाही.

“मी सांगते ना काका, तुम्ही लबाड नव्हतात.”

“तू आपलीच, पोरी,” ते म्हणाले. “तू तसंच म्हणणार.”