बेशुद्ध बाईची जाहिरात

आमच्या पेपरात गावात लागलेल्या भयपटाची जाहिरात मीच जुळवायचो: ‘काल पुन्हा एक बाई बेशुद्ध. थिएटरात डॉक्टर हजर.’ ती बाई म्हणजे माझी बायको, थिएटरकडून पडण्याचा पगार घेणारी. डॉक्टर म्हणजे पांढरा कोट चढवलेला डोअरकीपर. रोज तीन खेळ, तीनदा तो तिला उचलून बाहेर आणायचा. एकदा मी पाहिलं. बेशुद्ध बाईचा हात त्याच्या गळ्यात घट्ट होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणालाही न विचारता मी जाहिरातीत ठळक ओळ घुसडली: ‘आज शेवटचा दिवस.’ म्हटलं, ब्याद टळली. झालं भलतंच. शेवटचा दिवस वाचून अख्खं गाव लोटलं. मॅनेजरनं खूश होऊन सिनेमा महिनाभर वाढवला, वर चौथा खेळ लावला. बायको अर्ध्या जेवणावरून उठली. “भूक नाही?” “आहे. पण त्या बिचाऱ्याला आता चारदा उचलावं लागणार.”