डावीकडची बटणं

सगळ्यांनी मिळून बनवायच्या हातातल्या गेमिंग कन्सोलसाठी हौशी मंडळींच्या ऑनलाइन ग्रुपवर जो तो आपली मागणी रेटत होता. कुणाला मोठा स्क्रीन हवा, कुणाला दिवसभर टिकणारी बॅटरी. सदानंदने एवढंच लिहिलं, "हवी तर सगळी बटणं डावीकडे घेता यावीत."

"मग उजव्या हातात काय चहाचा कप धरायचा?" निखिलेशने टोमणा हाणला. हसऱ्या इमोजींचा पाऊस पडला आणि मागणी मतदानात बाद झाली. सदानंदने फोन बाजूला ठेवला. मागणीचं कारण सांगायचं तर आपला अपघातही सांगावा लागला असता.

पुढे नाशिकला सगळे पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटले. तयार झालेला एकुलता एक नमुना फिरत फिरत सदानंदकडे आला. गुडघ्यावर टेकवून तो डाव्या हाताने खेळू लागला, तोच निखिलेशने चहा पुढे केला.

"खाली ठेवा," सदानंद शांतपणे म्हणाला. "मला उजव्या हाताने कप धरवत नाही."

निखिलेशचा चेहरा उतरला. कप टेबलावर ठेवून त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कुणालाही न विचारता नमुना उघडला.

"आत जागा आहे," तो म्हणाला. "बटणं कुठे हवीत, बोट ठेवून दाखवा."