बंदुकीची खोळ

“बंदूक खांद्यावर टाकून जिना चढायचा नाही, भोईटेकाका! पोरं दचकतात आमची.” शिवणकाम करणाऱ्या खांडगेकाकू बिल्डिंगच्या बैठकीत कडाडल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

भोईटे हा एका बँकेचा पहारेकरी. परवाना त्याच्या नावावर, म्हणून बंदूक घरी आणावीच लागे. त्यानं दुनळी उघडून रिकामी दाखवली. कुणी बघितलंसुद्धा नाही. बँकेत हिच्याच जिवावर निर्धास्त असतात आणि जिन्यात भेदरतात, भेकड लेकाचे! “खोली सोडतो,” म्हणून तो तरातरा निघून गेला.

खंडेनवमीला सकाळी तो बंदुकीला झेंडूची माळ घालणार, तोच दारात खांडगेकाकू. हातात पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडाची लांबलचक खोळ.

“ह्यात घालून आणत जा. पोरं घाबरायची नाहीत, नि तुम्हाला जायलाही नको.”

बंदूक खोळीत बरोब्बर बसली. त्यानं खोळीवरून हात फिरवला. “माप कधी घेतलंत?”

“रोज डोळे वटारून बघत नव्हते होय? आज मशीन पूजेला बसलंय, म्हणून कालच शिवून ठेवली.”

त्यानं हातातली माळ बंदुकीऐवजी काकूंच्या ओंजळीत ठेवली. “ही आधी तुमच्या मशीनला घाला.”