बुडावरची नावं

माझी बायको व्हर्ना गेल्याचं सकाळी गावात कळलं आणि दुपारपर्यंत माझ्या ओट्यावर काचेची नऊ भांडी जमली. मिनेसोटात कुणी गळ्यात पडून रडत नाही. शेवया, चिकन आणि चीज ओव्हनमध्ये भाजून आणून देतात, म्हणजे बोलावं लागत नाही. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. आपण खायचं आणि भांडं धुऊन ज्याचं त्याला द्यायचं.

दोन आठवडे तेच खाल्लं. मग धुवायला घेतली. चाळीस वर्षं आमचा हाच वाद होता. ती म्हणायची, भांडी स्वच्छ निघतात ती गरम पाण्यानेच. मी म्हणायचो, थंड पाणी पुरे, बशीला थोडीच थंडी वाजते! या वेळी म्हटलं, जाऊ दे बाई, तुझंच खरं. सगळी भांडी कढत पाण्यात बुडवून ठेवली. थोड्या वेळाने नऊ नावं सुटून वर तरंगायला लागली.

शेजारची आर्डिस आपलं भांडं न्यायला आली आणि सिंककडे बघतच राहिली.

"अरे ऑर्विल, गरम पाण्यात घातलीस? पट्टीची भांडी थंड पाण्याने धुतात, एवढंही माहीत नाही?"

"तुला कुणी सांगितलं?"

"व्हर्नाने! अख्ख्या चर्चला तिनेच शिकवलं. म्हणायची, थंड पाण्यानेही छान निघतात, फक्त ऑर्विलला सांगू नका."

म्हणजे वाद मी जिंकलो. तिला सांगायचं राहिलं आहे.