पेटीतल्या मधमाश्या

विरारच्या फ्लॅटमध्ये प्रल्हादराव पेटी वाजवायचे आणि बेंगलोरहून मयूर इंटरनेटवरून तबल्याची साथ करायचा. माइक जोडायला मयूरने ऑडिओ इंटरफेसचा डबा पाठवला होता, पण त्यातून सारखी गुणगुण यायची.

"अहो, पेटीत मधमाश्या पाळल्यात का?" आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या नर्मदाबाई दम खात म्हणाल्या. "घालवा त्यांना. बापलेकाचं वाजवणं मला एकदा नीट ऐकू द्या."

"साफ झालं की स्पीकरवर लावतो," म्हणत प्रल्हादरावांनी कानाला हेडफोन चढवले.

"बाबा, एकेक प्लग काढून बघा," मयूर म्हणाला.

फ्रीज झाला, पंखा झाला, ट्यूब झाली. शेवटी त्यांनी टेबलामागच्या वायरींच्या गुंत्यात हात घातला आणि चाचपून एक प्लग उपटला. गुणगुण थांबली. मग दोघं अर्धा तास रंगून वाजवत राहिले.

"एकदम स्वच्छ, बाबा! आता आईला ऐकवा. पण प्लग होता कसला?"

प्रल्हादराव वायर धरून तिच्यामागे निघाले.



ती दाराखालून आत, नर्मदाबाईंच्या ऑक्सिजनच्या मशीनपर्यंत गेली होती.