उरलेली फीत

ऑकलंडच्या सभागृहात इंजिनियर फर्गसने टेबलावर वस्तीची प्रतिकृती मांडली. नव्या महामार्गाची राखाडी फीत त्याने घरं चुकवत वळणावळणांनी चिकटवली, तरी आड येणारी कित्येक लाकडी घरं उचलून डब्यात टाकावी लागली. त्यात नोएलीन आजीचंही होतं. “बोगदा काढ ना रे,” ती म्हणाली. “एवढ्या लांबीचा परवडायचा नाही, आजी. घरं विकत घेणं स्वस्त.” “बरं. चहा झाला, आता कप विसळायची पाळी तुझी.” इथे साहेबालाही त्यातून सुटका नाही. ओल्या हातांनी फर्गस परतला, तर सगळी घरं जागच्या जागी आणि फीत गायब. “खाली बघ.” तो वाकला. टेबलाच्या पोटाला फीत सरळसोट चिकटवलेली होती. “खाली कुणाला चुकवायचं नव्हतं,” म्हणत आजीने उरलेल्या फितीने बांधलेला केक पुढे केला. केक बाजूला राहिला, फर्गस त्यावरची उरलेली फीत मोजत बसला.